बंदूक आपोआप सुटत नाही

शिकारीला गेलेल्या टोळीतला एक जण मारला गेला की दुसऱ्या दिवशीची बातमी आम्हा कोकणातल्या लोकांना वाचण्याआधीच पाठ असते. काही जण रानडुकराच्या शिकारीला गेले होते, अंधार होता, झुडपात हालचाल झाली, डुक्कर समजून बार काढला. नाहीतर पाय घसरला, बंदूक आपटली आणि गोळी सुटली. बंदूक कोणी भरली, घोडा कोणी चढवून ठेवला, नळी कोणाच्या पाठीकडे होती, पुढे माणसं आहेत हे ठाऊक असताना बार काढायचं कोणी ठरवलं, यातला एकही प्रश्न त्या बातमीत नसतो. गावात तर याहून सोपा निकाल लागतो. "तेची येळ भरली हुती," असं म्हणून माणसं बाराव्याच्या तयारीला लागतात.

मला हे मान्य नाही. आमच्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आजोबांपासून आहे. ती कशी भरतात आणि कुठे दगा देते हे मी जाणतो. म्हणूनच सांगतो, की शिकारीत 'चुकून' मेलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचं मरण काही तास आधी, कुणीतरी पूर्ण शुद्धीत असताना ठरवलेलं असतं. नशिबाचा त्यात काडीचा संबंध नाही.

आधी हत्यारच बघा. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून काळी दारू ओततात, वर काथ्या किंवा चिंधी गजाने ठासतात, मग छर्रे, वर पुन्हा चिंधी. मागच्या बाजूला निपलवर केप बसवतात. घोडा पडला की केप फुटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. या बंदुकीला वेगळी सेफ्टी नसते. असते ती फक्त घोड्याची अर्धी खाच, आणि दोन पिढ्या वापरलेल्या बंदुकीत ती झिजून गुळगुळीत झालेली असते. म्हणून पुष्कळ जण घोडा अगदी खाली, केपवर टेकवून ठेवतात आणि समजतात की आता काळजी नाही. ती सर्वांत धोक्याची स्थिती. घोड्याच्या पाठीवर दगडाचा किंवा फांदीचा एक ठोका बसला तरी केप फुटू शकतो.

गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, ओलांडताना काय करतात तेही सांगतो. बंदूक गडग्यावर टेकवतात, स्वतः पलीकडे उतरतात, आणि मग नळीला धरून ती आपल्याकडे ओढतात. करवंदीच्या जाळीत घोडा अडकतो, मागे खेचला जातो आणि सुटतो. नळीचं तोंड त्या वेळी ओढणाऱ्याच्या पोटाकडे असतं. यात बंदुकीने काहीही गैर केलेलं नसतं. तिच्यात जे भरलं होतं ते तिने बाहेर फेकलं.

यावर उपाय काय, तर केप खिशात ठेवायचा. जागेवर बसल्यावर, समोरचं रान मोकळं आहे हे बघून, मग तो निपलवर चढवायचा. दोन बोटांचं काम आहे. पण तेवढं केलं जात नाही, कारण वाटेत एखादं जनावर आडवं गेलं तर संधी हुकेल. म्हणजे एका डुकराची संधी हुकू नये म्हणून, पुढे चाललेल्या चुलतभावाच्या पाठीवर भरलेली, केप चढवलेली नळी रोखून अंधारात डोंगर चढायचा. हा हिशेब ज्याने केला त्याने तो जाणूनबुजून केला.

बारा बोअरवाल्यांनी आपण यातून सुटलो असं समजू नये. काडतुसाची बंदूक मोडून काडतूस काढून घेणं ठासणीपेक्षा कितीतरी सोपं आहे, तरी गडगा ओलांडताना बंदूक मोडून धरणारा मला क्वचितच दिसतो. "सेफ्टी लावली आहे ना," हे उत्तर ऐकून माझे कान किटले आहेत. बऱ्याच दुनळी बंदुकांची सेफ्टी फक्त चाप अडवते. आतला घोडा ताणलेलाच राहतो. आतली खाच झिजली असेल आणि बंदूक कातळावर जोरात आपटली, तर चापाला बोट न लावताही बार उडू शकतो. सेफ्टी हा सावधपणाला जोड म्हणून दिलेला खटका आहे; सावधपणा गुंडाळून ठेवण्याची परवानगी नव्हे.

पावसाळ्यातला आणखी एक प्रकार. दमटपणाने केप किंवा दारू सादळते. घोडा पडतो, 'टक' असा आवाज होतो, बार लागत नाही. लगेच बंदूक खाली घेऊन, तोंड फिरवून, काय बिघडलं ते बघायला माणूस वाकतो. आत ठिणगी धुमसत असते आणि बार उशिरा उडतो. बार लागला नाही तर मिनिटभर तरी नळी मोकळ्या दिशेला धरून थांबायचं, हे बंदूक हातात देण्यापूर्वी शिकवायला हवं. ते कोण शिकवतो? काका शिकवतो, ज्याला त्याच्या काकाने अर्धंच शिकवलेलं असतं. आधीचा बार आत आहे हे विसरून त्यावर दुसरा ठासणारे आणि पाण्याच्या पायपाची नळी लावून घरगुती बंदूक बनवणारे तर नळी फुटून स्वतःचाच पंजा गमावतात.

माझ्या वडिलांचा एक नियम होता. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत यायची नाही. ठासणी एकदा भरली की ती सहजी रिकामी होत नाही, म्हणून राखण संपवून निघताना ते मातीच्या बांधात बार काढून टाकत. दारू-छर्रे फुकट घालवतो म्हणून शेजारी त्यांना हसत. त्या हसणाऱ्यांच्या माजघरात भरलेल्या बंदुका खुंटीला लटकत आणि त्यांच्या खाली पोरं झोपत.

आता 'डुक्कर समजून' या सबबीकडे येतो, कारण ही सबब मला सर्वांत जास्त चीड आणते. रात्री कपाळाला बॅटरी बांधून गेलेला माणूस सांगतो, की झुडपात डोळे चमकले म्हणून मारलं. भेकराचे, सांबराचे, बिबट्याचे डोळे उजेडात चमकतात, कारण त्यांच्या डोळ्याच्या मागे उजेड परत फेकणारा थर असतो. डुकराच्या डोळ्यात तो थर नसतो. माणसाच्याही नसतो. म्हणजे डुकराची शिकार करायला निघालेला, चमकणाऱ्या डोळ्यांवर बार काढणारा माणूस नेमका कशावर बार काढतो? कुणाच्या तरी चष्म्याच्या काचेवर, पट्ट्याच्या कडीवर, दुसऱ्याच्या बॅटरीच्या भिंगावर. ज्याला आपल्या जनावराचे डोळे कसे दिसतात हेही ठाऊक नाही, त्याच्या हातात रात्री बंदूक देणं हाच गुन्हा आहे.

आणि ज्यांना डोळेही दिसले नाहीत, नुसती खसफस ऐकू आली? आवाजावर गोळी झाडणं ही चूक नाही, तो मनुष्यवधाचा प्रयत्न आहे. करवंदीच्या जाळीत डुक्कर असेल, गाय असेल, सरपणाला आलेली म्हातारी असेल, शेणी उचलणारी पोर असेल. पूर्ण जनावर दिसल्याशिवाय, आणि त्या जनावराच्या मागे काय आहे ते कळल्याशिवाय, बोट चापावर जाता कामा नये. आमच्या सड्यांवर तर जनावर दिसलं तरी पुरत नाही. जांभ्याच्या कातळावर छर्रा आपटला की कुठे उडेल याचा नेम नसतो, आणि मोठे एलजीचे छर्रे मैदानाच्या पल्याडपर्यंत माणसाला मारू शकतात.

हाक्यात हे सगळं अनेकपटींनी वाढतं. एका बाजूने आरडाओरडा करत पोरं रान उठवतात, दुसऱ्या बाजूला बंदूकवाले नाके धरून बसतात. हाका जसजसा जवळ येतो तसतशी बंदुकीच्या नळीसमोरची माणसं वाढत जातात. जनावर फुटलं की बंदूकवाला त्याच्यामागे नळी फिरवतो आणि त्या फिरण्याच्या टप्प्यात शेजारच्या नाक्यावरचा माणूस येतो. हे अडाणी, गरीब लोकांच्या बाबतीतच होतं असं कुणी म्हणू नये. अमेरिकेचा उपाध्यक्ष डिक चेनी 11 फेब्रुवारी 2006 रोजी टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीला गेला होता. उडालेल्या पाखरामागे वळताना त्याने आपल्याच सोबत्याला, 78 वर्षांच्या वकिलाला, चेहऱ्यावर, मानेवर आणि छातीवर छर्रे मारले. एका छर्‍यामुळे त्या गृहस्थाला पुढे हृदयाचा झटका आला. तो वाचला. तिथेही सुरुवातीला जखमी माणसावरच दोष ढकलला गेला, की त्याने मागून येताना आवाज दिला नाही. पण चार दिवसांनी चेनीने टीव्हीवर जाहीरपणे सांगितलं की चाप मी ओढला, दोष दुसऱ्या कुणाचा नाही. राजकारणी म्हणून मला तो माणूस कधीच आवडला नाही. पण आमच्याकडच्या किती बंदूकवाल्यांनी गावासमोर उभं राहून एवढं एक वाक्य उच्चारलं आहे?

फ्रान्समध्ये डुकराची शिकार कायदेशीर आहे. तिथे 2019 च्या कायद्याने मोठ्या जनावरांच्या सामुदायिक शिकारीत भडक नारिंगी जाकीट सक्तीचं केलं आणि शिकाऱ्यांना ठरावीक काळाने सुरक्षेची उजळणी लावली. तरीही डिसेंबर 2020 मध्ये लो प्रांतात आपल्या घराजवळ लाकडं तोडणारा 25 वर्षांचा तरुण रानडुक्कर समजून मारला गेला. तो शिकारीही नव्हता. त्यावरून देशभर रान उठलं, सिनेटपर्यंत चर्चा झाली. आमच्याकडे नारिंगी जाकिटाचा विषयच निघत नाही, कारण आमचे शिकारी दिसू नये म्हणूनच काळे कपडे घालून जातात. वनखात्याला दिसू नये म्हणून निवडलेला काळा सदरा सोबत्याच्या बंदुकीलाही माणूस दाखवत नाही.

इथेच खरी गाठ आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर तर जवळजवळ सरसकट, शिकार बंद आहे. त्यामुळे जी शिकार होते ती लपून होते. लपून होते म्हणून रात्री होते, परवाना नसलेल्या बंदुकीने होते, पुष्कळदा बाटली मारून होते, आणि काही झालं तर सर्वांत आधी शिकार लपवली जाते, मग माणूस. 2025 च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांची टोळी डुकराच्या शिकारीला गेली आणि त्यांच्यातलाच एक जण डुक्कर समजून झाडलेल्या गोळीने मेला. सोबत्यांनी पोलिसांना कळवलं नाही. मृतदेह झुडपात लपवला. तो पोलिसांच्या हाती लागायला कित्येक दिवस गेले, आणि तोवर त्याच्या घरची माणसं वाट बघत होती.

ज्यांच्याबरोबर तो शिकारीला गेला, त्यांनीच त्याला झुडपात टाकून दिलं. याला कोणी घाबरटपणा म्हणेल. मी याला नीचपणा म्हणतो.

आणि प्रत्येक जखमी माणूस जागच्या जागी मरत नाही. मांडीत छर्रे घुसून मोठी रक्तवाहिनी फाटली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. पण जखमेच्या वर पंचा करकचून आवळला, जखम हाताने जोरात दाबून धरली, तर तो तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत, तिथून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या इस्पितळापर्यंत जगू शकतो. 108 ची गाडी महाराष्ट्रात 2014 पासून आहे. पोलीस केस आहे म्हणून डॉक्टरने उपचार नाकारता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 सालीच सांगितलं. पण टोळी आधी बंदूक लपवते, मग गोष्ट जुळवते, मग झाडावरून पडला असं सांगत माणसाला खाजगी गाडीत घालते. तो सगळा वेळ रक्त वाहत असतं. त्याची बायको नंतर शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूची सरकारी मदत मागायला जाते, तेव्हा नवरा कायदा मोडताना मेला हे कारण आडवं येतं. टोळीतले बाकीचे तोपर्यंत जामिनावर सुटून कट्ट्यावर बसलेले असतात.

वकील मंडळी एक जुना निकाल काढतात. 1952 सालच्या नागपूर उच्च न्यायालयाच्या खटल्यात पावसापाण्यात तरस समजून एकाने गोळी झाडली आणि माणूस मेला. तिथे माणूस असेल असं मानायला आरोपीला कारण नव्हतं, म्हणून बिनपरवाना बंदूक असूनही त्याला भारतीय दंड संहितेच्या 80 व्या कलमाचं संरक्षण मिळालं. तेच कलम आता भारतीय न्याय संहितेत 18 वं आहे. पण ते कलम नीट वाचा. कृत्य कायदेशीर हवं, कायदेशीर रीतीने हवं, आणि पुरेशी काळजी घेऊन केलेलं हवं. आठ-दहा सोबती घेऊन, त्यांना स्वतः रानात पांगवून, मग त्याच रानातल्या खसफशीवर बार काढणाऱ्याला 'माणूस असेल असं वाटलं नाही' असं म्हणण्याचा अधिकार कुठून आला? त्याला पक्कं ठाऊक होतं की पुढे माणसं आहेत. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलच्या 106 व्या कलमावर अशा प्रकरणांची बोळवण करू नये. सदोष मनुष्यवधाचं 105 वं कलम लावून बघावं, आणि प्रेत लपवणाऱ्या प्रत्येकावर पुरावा नष्ट केल्याचं 238 वं कलम लावावंच. हे कठोर आहे, आणि माझ्याच वाडीतल्या पोरांवर लागेल हे मला माहीत आहे.

"मग शेतकऱ्याने काय करायचं? डुकरांना भात खाऊ द्यायचं?" हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो, आणि तो खोटा नाही. डुकरांचा कळप एका रात्रीत उभी नाचणी लोळवतो, रताळ्यांचा वाफा उकरून टाकतो. माझं स्वतःचं पीक गेलं आहे आणि पंचनाम्यानंतर हाती पडलेली भरपाई बियाण्यालाही पुरली नाही. पण पिकाची नासधूस करणारं जनावर मारण्यासाठी परवानगी मागण्याची सोय वन्यजीव कायद्याच्या 11 व्या कलमात आहे. ती वेळेत मिळावी म्हणून वनखात्याच्या दारात बसा, आमदाराला गावात फिरू देऊ नका. मी तुमच्याबरोबर येतो. मात्र शनिवारी रात्री वस्तीपासून मैलोगणती लांब, दुसऱ्याच्या रानात, बाटल्या घेऊन गेलेल्या टोळीने शेतकऱ्याचं नाव पुढे करू नये. ते मटणासाठी जातात. डुकराचे वाटे पडतात, किलोवर विकले जातात, आणि त्यात कुणाचंही भात वाचत नाही.

सरकारी यंत्रणेबद्दलही बोलायलाच हवं. शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगायचा परवाना 1959 च्या शस्त्र कायद्यातच आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. कागद असा भरलेला आहे. प्रत्यक्षात वारसाहक्काने बंदूक नावावर करून घेणाऱ्या माझ्यासारख्याला कुणीही विचारलं नाही की तुला ती भरता येते का, रिकामी करता येते का, घोड्याची खाच शाबूत आहे का. रहिवासाचा पुरावा मागितला, फोटो मागितले, चलन भरायला लावलं.

आणि निवडणूक आली की याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता ऑक्टोबरच्या मध्यावर लागली, भात ऐन कापणीला आलेलं असताना. परवानेवाला बंदूक ठाण्यात देऊन मोकळ्या हातांनी राखणीला बसला, आणि बिनपरवाना बंदुकांना आचारसंहिता माहीतच नसते. ठाण्यात जमा झालेल्या बंदुका रांगेने उभ्या राहतात. नोंदवहीत क्रमांक लिहिला जातो. आठवडेच्या आठवडे हत्यार सरकारच्या ताब्यात असतं, आणि त्या काळात एकाही बंदुकीचा घोडा ओढून कुणी बघत नाही. निवडणूक संपली की झिजलेल्या खाचेची बंदूक सही घेऊन परत दिली जाते.

जिल्हा पोलीस मुख्यालयात हत्यारांची देखभाल करणारा आर्मोरर असतो. जमा झालेली प्रत्येक परवान्याची बंदूक परत देण्याआधी त्याच्या नजरेखालून जाऊ द्या. खाच झिजलेली, निपल ढिलं झालेलं, नळीला चीर गेलेली बंदूक दुरुस्त होईपर्यंत परत देऊ नका. नूतनीकरणाच्या वेळी परवानेदाराला मैदानावर उभं करा. बंदूक भरून दाखवायला सांगा, न उडवता रिकामी कशी करणार ते विचारा, बार लागला नाही तर काय करणार ते विचारा, गडगा ओलांडून दाखवायला सांगा. ज्याला जमणार नाही त्याचा परवाना शिकून येईपर्यंत थांबवा, मग तो गावचा मानकरी असो की सरपंच. माझ्या परवान्याची मुदतही संपत आली आहे. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला अशी तपासणी लावा, पहिल्या दिवशी मी माझी बंदूक घेऊन हजर राहीन.